दादासाहेब फाळके, उन्हात घट्ट होणारा थर आणि कामगाराचे हात

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात तिशीतला एक तरुण आला. दोन्ही हातांची बोटे भेगाळलेली, कातडी जाड झालेली आणि मनगटापर्यंत खाज. गजकर्ण समजून त्याने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती आणि सात-आठ महिने तीच लावत होता. ट्यूबमध्ये स्टिरॉइड होते. त्यामुळे चार दिवस बरे वाटायचे आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काय काम करतो असे विचारले तेव्हा कळले, की तो टी-शर्ट आणि कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करतो. छपाईच्या फ्रेमला लावायचा लेप तो स्वतःच तयार करतो. केशरी रंगाचे खडे पाण्यात विरघळवायचे, ते गोंदासारख्या द्रावणात मिसळायचे, जाळीवर पसरवून अंधाऱ्या खोलीत सुकवायचे आणि मग वर नक्षी ठेवून फ्रेम गच्चीवर उन्हात धरायची. जिथे ऊन लागते तिथला लेप घट्ट होतो. नक्षीखालचा लेप कच्चा राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. हे धुण्याचे काम तो उघड्या हातांनी करत होता.

त्वचारोग विभागातल्या सहकाऱ्यांनी त्याची पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळ्या रसायनांचे छोटे ठिपके लावून दोन आणि चार दिवसांनी पाहिले, तर एकाच ठिकाणी त्वचा लाल होऊन फुगली होती. तो ठिपका पोटॅशियम डायक्रोमेटचा होता. बाजारात त्याला बायक्रोमेट म्हणतात. त्याचे केशरी खडे म्हणजे हेच.

ओळख पुसण्यासाठी या रुग्णाचे काही तपशील मी बदलले आहेत. त्याचे हात पाहताना मला एका थोर माणसाची आठवण झाली. त्यांना आपण सगळे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. पण चित्रपटाकडे वळण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे ते छायाचित्रण आणि छपाईच्या धंद्यात होते, आणि ज्या तंत्रांवर त्यांनी हात घडवला ती याच केशरी खड्यांवर उभी होती. ते म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके.

आग न लावता घट्ट होणारा थर

आधी थोडे विज्ञान समजून घेऊ. कापडावर पाणी न शोषणारा थर द्यायचा असो किंवा रंगाची नक्षी पक्की बसवायची असो, कारखान्यात नेहमीची रीत उष्णतेची आहे. रसायन पाण्यात कालवून कापडाला लावतात, मग ते पाणी उडवून लावतात आणि शेवटी १५० अंशांच्या आसपास तापलेल्या यंत्रातून कापड फिरवून थर पक्का करतात. खर्चाचा मोठा भाग पाणी उडवण्यातच जातो. एक किलो पाण्याची वाफ करायला, ते आधीच उकळत्या बिंदूला पोहोचलेले असले तरी, सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्या शहरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. तेव्हापासून नागपूरकरांना कापड म्हटले की बॉयलर, वाफ आणि धुराडे हे समीकरण माहीत आहे.

प्रकाशाने घट्ट होणाऱ्या थराची रीत वेगळी आहे. यात द्रवरूप राळेत एक असा घटक मिसळलेला असतो, जो ठरावीक प्रकाश पडताच जागा होतो आणि शेजारच्या रेणूंना एकमेकांचे हात धरायला लावतो. काही सेकंदांत द्रवाचा घन होतो. उडवायला पाणी नाही, तापवायला भट्टी नाही. पूर्वी यासाठी पाऱ्याचे अतिनील दिवे वापरत. आता एलईडी आले आहेत आणि त्यांनी वीज आणखी वाचवली आहे. ज्यांनी अलीकडे दातात पांढरे सिमेंट भरून घेतले असेल त्यांनी हा चमत्कार स्वतःच्या तोंडात अनुभवला आहे. दंतवैद्य निळा दिवा काही सेकंद धरतात आणि मऊ लगदा दगडासारखा होतो. कापडाला द्यायच्या थरांतही हेच तत्त्व आता येत आहे.

तंत्र आधुनिक वाटले तरी कल्पना जुनी आहे. फ्रान्समधल्या निसेफोर निएप्सने १८२० च्या दशकात धातूच्या पत्र्यावर डांबरासारख्या पदार्थाचा पातळ थर देऊन तो उन्हात ठेवला. ऊन लागलेला भाग कडक झाला, बाकीचा तेलात धुऊन गेला, आणि त्यातूनच पुढे छायाचित्र जन्माला आले. १८३९ मध्ये स्कॉटलंडच्या मंगो पाँटनला बायक्रोमेट लावलेला कागद उन्हात पालटतो हे दिसले. पुढे टॅलबॉट आणि प्वातव्हँ यांनी १८५० च्या दशकात बायक्रोमेट आणि जिलेटिन यांची जोडी लावली. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळते. त्यात बायक्रोमेट घालून ऊन दिले की क्रोमियमचे रूप बदलते, ते जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकते आणि तो भाग पुन्हा विरघळत नाही. छापखान्याचा सगळा नूर या एका गोष्टीने पालटला.

त्र्यंबकेश्वर ते कलाभवन

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरचा वारसा पोथी-पुराणांचा होता, पण मुलाचे मन चित्रांत आणि नाटकांत रमायचे. वडिलांना मुंबईला महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले, तसे कुटुंब मुंबईला आले आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथून ते बडोद्याला गेले.

बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झाले होते. त्याचे प्रमुख होते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जर मूळचे रसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांचा जीव कापडाच्या रंगाईत. देशी कारागिराला रंगांचे रसायन कळावे, विलायती मालापुढे त्याने मान खाली घालू नये, ही त्यांची तळमळ. चित्रकला शिकायला आलेल्या फाळके यांना अशा वातावरणात रसायनाची गोडी लागली. छायाचित्रणाकडे त्यांचा ओढा पाहून गज्जर यांनी त्यांना रतलामला पाठवले. तिथे ते तीन रंगांचे ठसे करणे, फोटो-लिथोची प्रतिमा दगडावर उतरवणे, कोलोटाइप आणि अंधाऱ्या खोलीतले छपाईकाम शिकले.

यातले कोलोटाइप आणि फोटो-लिथो म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारे थरच. काचेवर किंवा कागदावर बायक्रोमेट घातलेल्या जिलेटिनचा थर, वर छायाचित्राची निगेटिव्ह आणि वरून ऊन. जिथे उजेड जास्त तिथे थर जास्त कडक, आणि कडक थर शाई धरतो. एखाद्या छायाचित्रातल्या सावलीच्या पायऱ्या अशा शाईत उतरतात. ही कामे करणाऱ्याला थराची जाडी, हवेतली ओल आणि उन्हाचा जोर यांचा अंदाज बोटांत मुरवावा लागे. आज ते काम मीटर करतो.

कातडीचा हिशेब

इथे डॉक्टर म्हणून थोडे थांबावे लागते. बायक्रोमेटमधले क्रोमियम हे सहा संयुजेचे असते. त्वचेच्या बारीक चिरेतून ते आत शिरते आणि तिथे खोल, कडा उचललेली जखम करते. तिला सुरुवातीला फारशी वेदना नसते, त्यामुळे कामगार दुर्लक्ष करतो. त्याचे तुषार सतत नाकात गेले तर दोन नाकपुड्यांमधला पडदा झिजून त्याला भोक पडते. ग्लासगोचे विल्यम क्युमिन या डॉक्टरांनी १८२७ मध्येच बायक्रोमेट हाताळणाऱ्या रंगाऱ्यांच्या हातांवरच्या जखमांचे वर्णन केले होते. म्हणजे हे रसायन छायाचित्रात येण्याआधीच कापडाच्या रंगाईत होते, आणि त्याचा त्रासही कापडाच्याच कामगाराने आधी भोगला. पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचे नाते सिद्ध झाले आणि आज सहा संयुजेचे क्रोमियम माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे.

शिवाय काहींना त्याची अॅलर्जी होते. एकदा शरीराने क्रोमियमला शत्रू म्हणून ओळखले की ती ओळख सहसा जन्मभर राहते. मग सिमेंट, क्रोमने कमावलेले चामडे अशा वस्तूंनीही त्रास होतो. गवंड्यांच्या हातांना होणारा जुनाट इसब पुष्कळदा याच क्रोमियममुळे असतो.

यातली रसायनाची गंमत अशी, की ऊन लागलेल्या भागात सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेचे होते, आणि ते त्या मानाने बरेच कमी घातक असते. धोका उरतो तो न घट्ट झालेल्या, म्हणजेच धुऊन टाकायच्या भागात. आमच्या रुग्णाने रोज हात घातले ते नेमके त्याच पाण्यात, आणि ते पाणी गल्लीतल्या नालीत जात होते.

प्लेग, जादू आणि दगडावरची चित्रे

फाळके यांचे आयुष्य सरळ रेषेत गेले नाही. बडोद्यानंतर ते गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून स्थिरावू पाहत होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि बघता बघता पश्चिम भारतभर पसरला. हाफकिन यांची लस १८९७ मध्ये तयार झाली होती, पण ती घरोघर पोहोचायला आणि लोकांचा तिच्यावर विश्वास बसायला बराच काळ गेला. १९०० च्या प्लेगमध्ये फाळके यांची पहिली पत्नी आणि मूल दोघेही गेली. तिशीच्या उंबरठ्यावर माणूस एकटा पडला.

ते बडोद्याला परतले आणि छायाचित्रांचा धंदा पुन्हा मांडला, पण गिऱ्हाईक येईना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी होते, अशी अफवा पसरली होती. लसीबद्दल भीती, कॅमेऱ्याबद्दल भीती, आणि ज्याने खरोखर माणसे मरत होती त्या उंदरावरच्या पिसवांकडे मात्र लक्ष नाही. आरोग्याच्या बाबतीत आपली भीती पुष्कळदा चुकीच्या दाराशी उभी असते. आज मोबाइलच्या टॉवरला घाबरणारी माणसे रसायनाचा डबा उघड्या हाताने ढवळतात, ते याच जातीचे.

याच काळात फाळके एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले. आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने त्यांनी खेळही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई या किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या करंदीकरांच्या घरातल्या. १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली, पण १९०५ नंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला त्यांनी स्वतःचा छापखाना काढला.

तिथून जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांच्या चित्रांचा प्रसिद्ध छापखाना होता. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची चित्रे तिथून घरोघरी जात. फाळके यांचा छापखाना या चित्रांसाठी फोटो-लिथोचे काम करी. आपल्या पणजीच्या देवघरात लागलेल्या तसबिरींमागे असे प्रकाशाने घट्ट झालेले जिलेटिन होते. फाळके आता रंगीत छपाईतही उतरले, छापखाना मुंबईत दादरला हलला, नवे भागीदार आले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव पडले. १९०९ मध्ये ते यंत्रसामग्री आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालू लागला आणि नेमक्या त्याच वेळी भागीदारांशी बिनसले. फाळके हात झटकून बाहेर पडले. पदरात पैसा नव्हता, वय चाळिशीला टेकले होते.

डोळ्यांनी दिलेला इशारा

१९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि पडद्यावर राम-कृष्ण दिसले पाहिजेत या ध्यासाने त्यांना झपाटले. पुढचे वर्षभर त्यांनी या नव्या कलेची पुस्तके, यादीपत्रके, भिंगे, फिल्मचे तुकडे गोळा केले. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, रात्री घरी मेणबत्तीचा उजेड भिंगातून टाकून भिंतीवर चित्रे पाडायची आणि उरलेल्या वेळेत विचार करत जागायचे. झोप जवळजवळ संपली. शेवटी शरीराने हात टेकले आणि त्यांची दृष्टी गेली. दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. कायमचे अंधत्व येईल असा इशारा मिळाला. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, वेगवेगळे तीन-चार चष्मे द्यावे लागले आणि हळूहळू नजर परत आली.

चित्रे पाहून डोळे जात नाहीत, हे आज आपल्याला माहीत आहे. पण झोप नाही, आहाराकडे लक्ष नाही, डोळे कोरडे पडलेले आणि अंगातली ताकद खालावलेली, अशा माणसाच्या डोळ्याला साधा आजारही महागात पडतो. फाळके यांचे भाग्य हे, की त्यांनी हट्ट बाजूला ठेवून वेळेवर उपचार घेतले. ते घेतले नसते तर भारतीय चित्रपटाची सुरुवात आणखी कुणाच्या तरी नावावर लागली असती.

नजर सावरताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तिथे बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मदत केली, चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोके पाडायचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते १ एप्रिलला परतले.

भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो अंकूर एका मिनिटात डोळ्यांदेखत वाढला. अंकुराची वाढ हे त्या फिल्मचे नाव. माझ्या दृष्टीने ही आपल्याकडची अगदी सुरुवातीची विज्ञानफिल्म.

चादर धरून उभ्या राहिलेल्या सरस्वतीबाई

राजा हरिश्चंद्र दादरला घराच्या आवारात तयार झाला. विजेचे दिवे नव्हते, सगळे चित्रण उन्हात. सरस्वतीबाई साठेक माणसांचा स्वयंपाक करत, पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहून कलाकारांवर उजेड परतवत, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडत व ती रसायनात धूत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चित्रपट पुरा व्हायला जवळजवळ सात महिने लागले. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला.

या कथेत दादासाहेबांचे नाव मोठे झाले ते योग्यच. पण रसायनात हात बुडवणारे आणि उन्हात चादर धरणारे दुसरेच कुणीतरी होते, हे डॉक्टरच्या नजरेतून सुटत नाही. तंत्र कोणतेही असो, त्याचा त्रास आधी पोहोचतो तो शेवटच्या हातापर्यंत.

पुढे फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर, सत्यवान सावित्री, १९१७ मधला लंकादहन, १९१८ मधला श्रीकृष्णजन्म, १९१९ मधला कालियामर्दन, असे चित्रपट येत राहिले. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, ते काशीला जाऊन राहिले आणि परतही आले. मग बोलपट आले आणि मूकपटाच्या माणसाला जग परके झाले. १९३७ मधला गंगावतरण हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. त्यांच्या नावाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला.

वाचलेली वीज आणि उरलेला कच्चा थर

आजच्या नव्या थरांत क्रोमियम नाही, ही मोठीच सुधारणा आहे. स्क्रीन प्रिंटिंगसाठीही बायक्रोमेट नसलेले तयार लेप बाजारात मिळतात. पण धोका पूर्ण गेला, असे समजू नये. आजच्या राळेत अॅक्रिलेट नावाची रसायने असतात. घट्ट झाल्यावर ती निरुपद्रवी, पण कच्ची असताना त्वचेला अॅलर्जी करणारी. छपाई कामगार, दंतवैद्यांचे सहाय्यक आणि ब्यूटी पार्लरमध्ये जेल नखे लावणाऱ्या मुली यांच्या बोटांच्या टोकांना भेगा पडतात, त्या पुष्कळदा याच कारणाने. काही अॅक्रिलेट साध्या रबरी किंवा नायट्राइल हातमोज्यातूनही काही मिनिटांत आरपार जातात.

दुसरा प्रश्न अर्धवट घट्ट होण्याचा. गडद रंगाचा किंवा जाड थर प्रकाश अडवतो, धाग्यांच्या सावलीत उजेड पोहोचत नाही, आणि हवेतला ऑक्सिजन वरच्या पापुद्र्याला चिकट ठेवतो. दिवा जुना झाला की वरून सुकलेला दिसणारा थर आत कच्चाच असतो. २००५ मध्ये इटलीत बाळांच्या दुधाच्या खोक्यांवरच्या, प्रकाशाने सुकवलेल्या शाईतला असाच एक घटक दुधात उतरलेला सापडला आणि माल परत घ्यावा लागला. जेल नखांत वापरल्या जाणाऱ्या टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली, कारण तो प्रजननक्षमतेला घातक ठरू शकतो. कापड तर आपण दिवसभर अंगावर वागवतो.

तिसरा प्रश्न डोळ्यांचा. अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर तेव्हा काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत आहे.

वीज आणि इंधन वाचवणाऱ्या या तंत्राच्या मी विरोधात नाही. एप्रिल-मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश तापमान असताना तापलेल्या यंत्राशेजारी आठ तास उभा राहणारा कामगार उष्माघाताने आमच्याकडे येतो. भट्टी गेली तर त्याचा जीव वाचेल. पण वाचलेल्या युनिटांचा हिशेब मांडताना त्याच वहीत हातांचा आणि डोळ्यांचाही रकाना हवा.

हे काम करणाऱ्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. बायक्रोमेट वापरत असाल तर ते सोडा. तयार लेप थोडा महाग असेल, पण जन्मभराच्या इसबापेक्षा स्वस्त. कच्ची राळ हाताला लागू देऊ नका. लागलीच तर थिनरने पुसू नका, त्याने ती आणखी आत जाते. साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आतून ओले किंवा चिकट झाले की लगेच बदला. दिव्याला आडोसा असू द्या आणि अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरा. धुतलेले पाणी उघड्या नालीत सोडू नका. हाताची खाज सुट्टीच्या दिवसांत कमी होत असेल आणि कामावर परतताच वाढत असेल, तर ते गजकर्ण नसून कामाचा आजार असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दुकानातली ट्यूब न आणता सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात या, आणि आपण काय काम करतो ते आधी सांगा.

आमच्या त्या तरुणाने तयार लेप आणला, हातमोजे घेतले आणि धुण्यासाठी लांब दांड्याचा ब्रश. तीन महिन्यांनी तो आला तेव्हा भेगा बुजल्या होत्या. अॅलर्जी जन्माचीच आहे, हे त्याला नीट समजावून सांगितले. फ्रेम मात्र तो अजूनही गच्चीवर उन्हातच धरतो. त्याला माझी हरकत नाही. ते ऊन फुकट आहे, आणि दादासाहेबांनीही सगळे काम त्यावरच केले.